नेलपॉलिशची रेघ

४ जून

प्रिय ताई,

आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं: जेवते, झोपते, खोलीला कडी आहे आणि ती आतून लागते. आता माझं ऐक.

हे फोनवर बोलण्यासारखं नाही. तुमच्याकडे फोन सासूबाईंच्या खुर्चीला खेटून, आणि इथे औषधखोलीत शिरताना मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणून पत्र.

भाऊजी म्हणाले होते ना, "पदवी झाली, आता परत कसलं शिक्षण? गोळ्या मोजायचं?" त्यांना सांग, इथे गोळ्या जवळजवळ नसतातच. हे मुलांचं हॉस्पिटल. सगळं पातळ आणि सगळं वजनावर. ओंजळीत मावेल अशा बाळापासून मिसरूड फुटलेल्या मुलापर्यंत प्रत्येकाचा डोस वेगळा काढायचा. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, आम्ही शिकाऊ फार्मासिस्ट ती तपासतो आणि औषध सिरिंजमध्ये भरतो, मग आम्ही भरलेलं दुसरं कोणीतरी तपासतं. दुसऱ्याची सही झाल्याशिवाय खोलीतून थेंब बाहेर जात नाही. कोणाच्या एकट्याच्या हुशारीवर इथे काही सोडलेलंच नाही. मला हे इतकं आवडलं की पहिल्या दिवशी डोळे भरून आले. हसू नकोस.

आमचे सीनिअर म्हणजे घुबड. आम्हा शिकाऊ मुलींनी ठेवलेलं नाव. जाड भिंगं, आणि खांदे न हलवता नुसती मान वळवून बघतात. माझी पहिली सिरिंज त्यांनी परत पाठवली.

"हे काय?"

"बुडबुडा आहे सर. एवढुसा."

"म्हणजे एवढुसं औषध कमी. बाळ काय हवा पिऊन बरं होणार?"

असो. लिहायचं होतं ते वेगळंच. परवा माझ्या ट्रेमध्ये एका तान्ह्या बाळाची चिठ्ठी आली. डोस दहापट. दशांशचिन्ह खाल्लेलं. माझं तर धाबं दणाणलं. धावत घुबडाकडे गेले. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि कोटाच्या खिशात टाकली. मी विचारलं, "वॉर्डात फोन करू?" म्हणाले, "नको. पुढची घे."

मला राहवेना. दुपारी सुट्टीत मी त्या वॉर्डात गेले. तिथल्या मोठ्या सिस्टरने सगळ्या खाटा दाखवल्या. "या नावाचं बाळ माझ्याकडे नाही गं. कधीच नव्हतं."

ताई, जे बाळच नाही त्याच्यासाठी औषध कोण मागवतं?

तुझा गुंड्या कसा आहे? परत फिटचा झटका नाही ना आला? औषध रोज सिरिंजवर मी आखलेल्या लाल रेघेपर्यंत, ना वर ना खाली. माझं अख्खं नेलपॉलिश वाळलं त्या एका रेघेपायी, तेव्हा तिचा मान ठेव. चमच्याला हात लावायचा नाही.

तुझी,
मुंगी


१३ जून

मुंगे,

तुझं पत्र आधी सासूबाईंच्या हाती पडलं. पाकीट खिडकीकडे धरून पाहिलं, काही दिसेना, मग मला दिलं. "बहिणीला घरच्या गोष्टी कळवत असशील," म्हणाल्या. म्हटलं, घरात कळवण्यासारखं काही घडलं तर कळवीन ना.

तुझ्या घुबडाचं काही खरं नाही. तुला कळत कसं नाही? जे बाळ नाही, त्याच्या नावावर औषध काढायचं आणि ते मागच्या दाराने भलतीकडे पोचवायचं. चिठ्ठी त्याच्या खिशात, म्हणजे कागद त्याच्या ताब्यात. उद्या कपाटात बाटली कमी भरली की विचारणार, चिठ्ठी कोणाच्या ट्रेमध्ये होती? तुझ्या. नवीन कोण? तू. पहिले काही महिने तुला कधीही घरी पाठवू शकतात, हे तूच सांगितलं होतंस. घरात पहिली पदवी तुझी, मुंगे. मी दहावीला शाळा सोडली ती काय तू चोरीचा डाग घेऊन परत यावंस म्हणून? डोळे उघडे ठेव आणि तोंड बंद. तुला यातलं एकच जमतं, तेही माहीत आहे.

इकडे सगळं छान. गुंड्याला एकही झटका नाही. आणि काय गुणी झालाय म्हणून सांगू! दुपारी झोपवताना माझा जीव मेटाकुटीला यायचा, आता मांडीवर घेतला की डोळे मिटले. खुर्च्या ओढणं नाही, डबे पाडणं नाही. जुनी बाटली संपली, नवीन आणली. रंग तोच गुलाबी, वासही तोच. औषधवाले काका काहीतरी लांबण लावत होते, ही वेगळ्या कंपनीची आहे, माप डॉक्टरांना विचारून घ्या वगैरे. मी म्हटलं, "काका, आमच्या घरात फार्मासिस्ट आहे. तिने रेघ आखून दिलीय." असा चेहरा झाला त्यांचा! तुला पाहायला हवा होता.

सासूबाई म्हणतात पोर जरा जास्तच शांत झालंय. रडलं तरी यांना त्रास, नाही रडलं तरी त्रास.

तुझी,
ताई


२१ जून

प्रिय ताई,

तू म्हणालीस तेच खरं निघणार असं दिसतंय.

काल मी ड्यूटीच्या बरीच आधी पोचले. औषधखोलीला मोठी काच आहे. आत घुबड एकटे बसले होते, पाठ माझ्याकडे. चिठ्ठ्यांचं कोरं पॅड पुढ्यात, आणि ताई, ते लिहीत होते. डॉक्टरांनी लिहायची चिठ्ठी! मध्येच पेन बदललं. अक्षरही वाकडं काढत होते, घाईत असलेल्या डॉक्टरसारखं. मग ते कागद आमच्या ट्रेमध्ये, इतर चिठ्ठ्यांच्या मधोमध घुसवले. मी जिन्यात सरकून उभी राहिले.

त्यातली एक माझ्याकडे आली. सहा महिन्यांच्या मुलीचं वजन चक्क शाळेत जाणाऱ्या पोराएवढं, आणि डोस त्याच हिशेबाने. मी मुद्दाम चेहरा साधा ठेवला. "सर, हे वजन पटत नाही." त्यांनी नुसती मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग चिठ्ठी पुन्हा खिशात.

माझ्या जोडीदारणीला विचारलं. तिला आधी बोलायचंच नव्हतं. मग म्हणाली, "माझ्याकडेही अशी एक आली होती. मी पाहिलं नाही, भरून टाकली. त्यांनी ती सिरिंज माझ्यासमोर सिंकमध्ये रिकामी केली आणि मला चिठ्ठ्यांवरून काढून बाटल्या पुसायला बसवलं. कोणाला सांगू नकोस म्हणाले." बघ! पुरावा सिंकमध्ये, आणि वर धमकी.

मी अधीक्षकबाईंकडे जायचं ठरवलंय. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण त्या कपाटातलं औषध खऱ्या मुलांचं आहे. रोज काचेपलीकडे त्यांचे आईवडील बाकावर बसलेले असतात. माझ्याकडे असं बघतात, जणू माझ्या हातून काही चुकूच शकत नाही. मी गप्प बसले तर त्या पदवीचा फोटो आईने भिंतीवरून काढून टाकावा.

काकांना बरं उत्तर दिलंस, मला फार हसू आलं. आणि गुंड्या शांत झाला हे उत्तमच. मूल मोठं होताना होतं तसं. त्याला माझ्याकडून दोन पापे, आणि एक कानाला चिमटा, म्हणजे अगदीच साधू व्हायचा नाही.

तुझी,
मुंगी


२ जुलै

मुंगे,

अधीक्षकबाईंचं काय झालं ते लगेच कळव. पण आज मला तुझ्या घुबडाचं सुचत नाहीये. आमच्या घरातच एक घुबड आहे.

गुंड्याचं काहीतरी बिघडलंय. आधी वाटलं दमला असेल. आता घास तोंडात तसाच आणि डोळे मिटलेले. पलंगावर चढायचा, तो आता उभा केला की मटकन बसतो. नाव घेतलं की बघतो, पण उशिरा, जणू हाक लांबून आली. ताप नाही, झटका नाही. हे म्हणतात दात येत असतील. यांना सगळं दातांवरच ढकलायचं असतं.

मी नीट विचार केला. मी भांडी घासायला जाते, कपडे वाळत घालायला वर जाते, तेव्हा तो कोणाजवळ असतो? सासूबाईंजवळ. मी येते तेव्हा तो कसा असतो? झोपलेला. त्यांना दुपारी डुलकी लागते आणि गुंड्या जागा असला की त्यांची झोप जाते. पूर्वीच्या बायका पोरांना झोपवायला काय काय चाटवायच्या, हे आईनेच सांगितलं होतं ना आपल्याला?

परवा मी विचारलंच. "आई, तुम्ही याला काही देता का?"

"काय देणार?"

"तेच विचारतेय."

त्या म्हणाल्या, "मला तर वाटतं, ते गुलाबी औषध जरा बंद करून बघ." बघ कशी चलाखी! स्वतःचं झाकायचं आणि तू रेघ आखून दिलेल्या औषधावर ढकलायचं. मी म्हटलं, "ते माझ्या बहिणीने ठरवून दिलंय. त्याच्यावर बोट ठेवायचं नाही." त्या उठून आत गेल्या. जेवायला आल्या नाहीत.

आता मी औषधाच्या डब्याला कुलूप लावलंय आणि किल्ली गळ्यात. गुंड्याला क्षणभरही त्यांच्याकडे देत नाही. हे मध्ये पडले तर म्हटलं, तुमची आई आहे, तुम्हाला दिसणारच नाही. घरात कोणी कोणाशी बोलत नाही. मी एकच गोष्ट चुकवत नाही, रोज सकाळ-संध्याकाळ तुझ्या लाल रेघेपर्यंत भरून औषध. तेवढं तरी बरोबर चाललंय.

तू तिथल्या पुस्तकात बघून सांग, लहान मुलाला गुपचूप काय दिलं की असं होतं? मला नाव हवंय. नाव कळलं की मी त्यांच्या पुढ्यात ठेवणार.

ताई


९ जुलै

प्रिय ताई,

परवा मी फोनवर ओरडले त्याबद्दल कोणाला वाईट वाटलं असेल तर वाटू दे. सासूबाईंनी फोन उचलला आणि मी "नमस्कार"ही न म्हणता "बाटली आणि बाळ घेऊन आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा" असं किंचाळले. त्यांनी एक शब्दही परत विचारला नाही. फक्त तुला हाक मारली. भाऊजींचा काल निरोप आला, की रक्त तपासलं, औषध दुपटीने जात होतं, डॉक्टरांनी गुंड्याला ठेवून घेतलंय आणि माप कमी केलंय, आता तो डोळे उघडून बघतो. तो निरोप मी लॉकरजवळ उभी राहून परत परत वाचला. आता सगळं सविस्तर लिहिते.

त्या दिवशी सकाळी तुझं पत्र आलं. ते अॅप्रनच्या खिशात घालून मी अधीक्षकबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. बाळ नसलेल्या चिठ्ठ्या, सिंक, काचेतून पाहिलेलं. त्यांनी घुबडाला बोलावलं. ताई, मी जमिनीकडे बघत उभी. घुबडाने खिशातून चिठ्ठ्या काढल्या आणि टेबलावर मांडल्या. सगळ्या. प्रत्येकीच्या मागे आमच्यापैकी एकीचं नाव आणि पकडली की सुटली ते.

ही इथली रीत आहे. प्रत्येक तुकडीच्या ट्रेमध्ये खोट्या चिठ्ठ्या घालतात. मुद्दाम चुकलेल्या, नसलेल्या बाळांच्या. सुटली तर सिरिंज तिथेच थांबते, बाहेर जात नाही. आधी सांगितलं तर परीक्षा कसली, म्हणून कोणाला बोलू देत नाहीत. अधीक्षकबाई हसल्या. घुबड हसले नाहीत.

"तू एकही सोडली नाहीस," म्हणाले. "पण पहिल्या चिठ्ठीतलं ते बाळ खरं असतं तर? वॉर्डात फोन का केला नाहीस?"

"तुम्हीच नको म्हणालात."

"मी म्हणालो म्हणून?"

"मी दुपारी गेले होते सर."

"बाळाचा डोस सकाळचा होता."

मी माणसाच्या मागे लागले आणि डोस वाऱ्यावर सोडला.

मला वाटलं आता घरी पाठवणार. पण ते म्हणाले, "चल, ट्रे भरलाय." खोलीत आल्यावर मला तुझं पत्र आठवलं. निदान तेवढं तरी नीट करावं म्हणून विचारलं, "सर, मूल झोपून राहावं म्हणून घरातली माणसं गुपचूप काय देतात?"

त्यांनी उलट विचारलं, "उघडपणे काय देतात?"

मी औषधाचं नाव सांगितलं.

"कशाने मोजतात?"

"सिरिंजने. चमच्याने नाही." हे सांगताना, ताई, मला अभिमान वाटला. "रेघ मी काढून दिलीय."

"रेघ किती मिलिग्रॅमची?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. रेघेला मिलिग्रॅम नसतात. रेघ नुसती उंची सांगते. तिच्याखाली किती औषध आहे ते बाटलीतलं औषध किती दाट आहे त्यावर ठरतं, आणि बाटली तू बदलली होतीस. तू मला ते लिहिलंही होतंस. काका सांगत होते ते मी वाचलं, आणि हसले. गुंड्याला झोप येते हे वाचलं, आणि पापे पाठवले. खोट्या बाळांच्या चिठ्ठ्यांत मी एकही चूक सोडली नाही आणि आपल्या खऱ्या बाळाच्या दोन अख्ख्या पत्रांत मला एकही दिसली नाही. ती तुझी पत्रं होती ना. तुझ्यावर कशाला शंका घेऊ? आणि तू माझ्या रेघेवर कशाला घेशील? त्या रेघेची दुसरी सही कोणाचीच नव्हती.

सासूबाईंना शंका आली होती. औषध एकदम बंद करणं धोक्याचंच ठरलं असतं, म्हणून ते केलं नाहीस ते बरं झालं. पण बोट त्यांनी बरोबर ठिकाणी ठेवलं होतं. ताई, त्यांनी गुंड्याला काही दिलं नाही. देत होतो आपण दोघी.

आता मी तुला कोणतंही माप लिहिणार नाही. बाटलीवर काय छापलंय ते वाच, डॉक्टरांनी मिलिग्रॅममध्ये काय सांगितलंय ते मला कळव, गुंड्याचं वजन कळव. मी हिशेब करून बघेन आणि घुबडांना दाखवेन. बाटली बदलली की सगळं परत पहिल्यापासून. आणि मी सांगितलं म्हणून काही करू नकोस.

रागावली असशील तर तसं लिही. पण लिही.

मुंगी


२० जुलै

मुंगे,

रागावले होते. तुझ्यावर, काकांवर, बाटलीवर, नेलपॉलिशवर. हॉस्पिटलात बसल्या बसल्या प्रत्येकाची पाळी आली. शेवटी आरशासमोर केस विंचरताना माझी आली, मग राग संपला.

गुंड्या घरी आला. आल्या आल्याच त्याने खुर्ची ओढत नेली, तिच्यावर चढला आणि यांचा चष्मा खिडकीतून बाहेर टाकला. हे ओरडायला उठले आणि तसेच खाली बसून रडायला लागले. दात येत असतील, म्हटलं मी.

सासूबाईंची माफी मागायचं रोज ठरवत होते. रोज राहून जात होतं. हॉस्पिटलात त्या रात्रंदिवस गुंड्याच्या पायाशी बसल्या होत्या आणि मी कधी इकडे बघतेय, कधी तिकडे. घरी आलो त्या संध्याकाळी मी गळ्यातली किल्ली काढली आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. त्यांनी ती माझ्याकडे परत सरकवली.

"मला कशाला? मी चोर आहे ना?"

"आई..."

"चोराला वाचता येतं. चष्मा दे. माझा, खिडकीतला नको."

डॉक्टरांचा कागद आणि बाटली घेऊन बसल्या. वजन, मिलिग्रॅम, बाटलीतलं प्रमाण सगळं सोबत लिहून पाठवतेय, तू बघ, तुझ्या त्या सरांनाही दाखव. पण आधीच सांगते, तू काही कळवलंस तरी मी ते डॉक्टरांना आणि काकांना विचारूनच करणार. तुला वाईट वाटलं तर वाटू दे. काकांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, "काय, फार्मासिस्ट काय म्हणते?" मी म्हटलं, "म्हणते, तुमचं ऐकायचं." आता ते बाटली हातात देताना दोनदा वाचून दाखवतात. मागे रांग लागली तरी.

तुझी रेघ मी पुसली नाही, ती सिरिंजच टाकून दिली. नवीन आणली, आकडेवाली. मी भरते, सासूबाई चष्मा लावून खिडकीपाशी धरतात आणि आकडा मोठ्याने वाचतात. त्यांनी हो म्हटल्याशिवाय गुंड्याच्या तोंडाकडे नेऊ देत नाहीत. आज सकाळी मला घाई होती. भरली, दाखवली, निघाले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. बुडबुडा आहे."

"एवढुसा तर आहे, आई."

"परत भर," म्हणाल्या.

मी परत भरली.

तुझी,
ताई